दोन वाजायला वीस मिनिटं

तो एसटीतून उतरला तेव्हा त्याच्या हातात लांब दांड्याची काळी छत्री होती, पायात गुळगुळीत तळाच्या कोऱ्या चपला आणि खांद्याला किराणा आणायची कापडी पिशवी. एवढ्या तयारीनिशी तो सालईच्या डोंगरावर निघाला होता. श्रावणातला रविवार, स्वच्छ ऊन. पण मेडशीच्या फाट्यापासून आमच्या ओट्यापर्यंतच्या शंभर पावलांत त्याच्या चपलांना इतकी काळी माती चिकटली, की फाट्यावर उतरलेला बुटका माणूस आमच्या दारात उभा राहिला तो चांगला चार बोटं उंच होऊन.

"डोंगरावर नेणारे नानाजी इथीच राह्यते का, ताई?"

"इथीच राह्यते. पण त्यायचा गुडघा धरला. आता मी नेतो लोकायले." आमच्याकडे बाईसुद्धा 'नेतो'च म्हणते. "आन् ताई म्हनू नका."

"मंग काय म्हनू?"

"नाव घ्या. रूपाली. डोंगरावर लांबून हाक द्या लागते, तिथं नाव छोटं बरं."

"रूपाली काही छोटं नाई." त्याने जरा विचार केला. "रूपा चालन का?"

बाजेवर बसलेले नाना खाकरले. मी एकदम कामाला लागले.

नाना म्हणजे माझे वडील. तीस वर्षं वनरक्षक होते. निवृत्त झाल्यावर शाळा-कॉलेजची पोरं, शहरातले हौशी लोक डोंगरावर न्यायचे. त्यांचे नियम पक्के होते, आणि गुडघा गेल्यावर ते सगळे माझ्याकडे आले. पहिला नियम : निघण्याआधी ज्याची त्याची पिशवी ओट्यावर रिकामी करायची.

त्याच्या पिशवीतून दोन केळी निघाली, एक रुमाल आणि एक लालभडक रेनकोट. लेबलासकट.

"वाशीमले आमचं दुकान हाये," तो म्हणाला. "छत्र्या, रेनकोट, ताडपत्र्या. गिऱ्हाईक म्हनते रेनकोट टिकत नाई. बापू म्हनते गिऱ्हाईक खोटं बोलते. मी म्हटलं, एकडाव सोता घालून पाहू."

"मंग लेबल कायले ठेवलं?"

"टिकला तर परत दुकानात ठेवता येईन न."

मी हसले नाही. म्हणजे, त्याला दिसेल असं हसले नाही. छत्री काढून घेतली. "वर मोकळ्या माथ्यावर हे लोखंड डोक्यावर धरून उभे राह्यले, तर विजेले पत्ता द्या लागत नाई." चपला काढायला लावून नानांचे जुने बूट दिले. पाणी, गूळ, मीठ, सुकं फडकं, शिट्टी, काठी सगळं भरून दिलं. माझ्यासाठी मी खताच्या रिकाम्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावर घ्यायची खोळ केली होती. त्याने ती हातात घेऊन उलटीपालटी केली, दुकानदार जसा दुसऱ्या दुकानातला माल पाहतो तशी.

"हे तर आमचा धंदाच बुडवन," तो म्हणाला.

शेवटी फळा. शाळेतून भंगारात निघालेला एक छोटा फळा नानांनी ओट्याच्या भिंतीला ठोकला होता. जाणाऱ्याने आपल्या हाताने नाव आणि परत यायची वेळ लिहायची. आल्यावर आपल्याच हाताने पुसायची. दुसऱ्याने पुसायची नाही, अगदी नानांनीसुद्धा नाही. नाव फळ्यावर आहे तोवर माणूस डोंगरावर आहे, एवढा सरळ हिशेब. संध्याकाळी एखादं नाव उरलं की नाना दहा माणसं गोळा करायचे. एकदा एक मास्तर नाव न पुसताच घरी जाऊन जेवून झोपले होते आणि अर्धं गाव त्यांना नाल्यात शोधत होतं.

त्याने वळणदार अक्षरात लिहिलं : सन्मती. साडेचार.

"आन् दोन वाजले," नाना बाजेवरून म्हणाले, "की जिथं असान तिथून माघारी फिरा लागते. चार पावलं राह्यले असन तरी."

"काहून बाबा?"

"आभाय दुपारून फिरते. मंग वीज हाये, नाल्याले पानी हाये. माथा कुठी पयून जात नाई."

त्या दिवशी माथा गाठायचा प्रश्नच आला नाही. सन्मती चालायचा असा, की मागून गाय पुढे निघून जावी. वाटेवर मखमली लाल किडे होते, गोगलगायी होत्या. तो प्रत्येकाला वळसा घालत होता.

"पावसायात हिरव्यावर पाय देऊ नये म्हनते आई. जीव असते," तो म्हणाला. "आमच्यात चातुर्मासात फिरतच नाई कोनी."

"मंग तुमी कसे आले?"

"आईले वाटते मी अकोल्याले मालासाठी गेलो."

एक वाजता सर आली, दहा मिनिटांत ऊन, मग पुन्हा सर. लाल रेनकोट बोरीच्या पहिल्याच काट्याला काखेपासून कमरेपर्यंत फाटला. सन्मतीने तो हातात धरून गंभीरपणे पाहिला. "गिऱ्हाईक खरं बोलते," तो म्हणाला. दोन वाजता आम्ही अर्ध्यावरून फिरलो. साडेचारला त्याने स्वतःचं नाव पुसलं आणि पाचच्या गाडीने गेला. त्याला दिवस मावळायच्या आत घरी जेवायचं असायचं.

पुढच्या रविवारी तो निळा रेनकोट घेऊन आला. त्याने पाऊस थांबवला, पण रंग सोडला. सन्मतीची मान संध्याकाळी नीळकंठासारखी झाली होती. तिसऱ्या रविवारचा चांगला जाड होता, फक्त चालताना इतका आवाज करायचा की मोर आधीच पळाले. खोळीखाली मी मात्र तिन्ही रविवार कोरडीच.

"तुमी ही गोणी विकता का?" त्याने विचारलं.

"नाई. वापराले देतो. माणूस पाहून."

"माणूस कसा पाह्यजे?"

"लेबल काढून येनारा."

तो हसला की आधी खाली बघायचा. मग वर. त्या मधल्या क्षणासाठी मी आठवडाभर वाट बघायला लागले होते, हे मला तेव्हा कबूल नव्हतं. आईला, सोजरबाईला, मात्र कळलं असावं. तिने आपणहून बिनकांद्याचं पिठलं केलं, चाखून बघितलं आणि म्हणाली, "हे तं आजाऱ्याचं जेवन झालं. तो खाते का पण?" तो दोनदा मागून खायचा.

त्या तीन रविवारांत मी त्याला सगळं शिकवलं. वीज चमकली की मनात आकडे मोजायचे, गडगडाट लवकर आला तर वीज जवळ आहे. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. मोकळ्यावर सापडलो तर आडवं पडायचं नाही, पाय जवळ घेऊन उकिडवं बसायचं. नाल्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, पाला-काड्या वाहत आल्या, की वर कुठेतरी पाऊस झाला आहे, पाय घालायचा नाही. तो ऐकायचा आणि पुढच्या रविवारी मलाच शब्द न् शब्द म्हणून दाखवायचा. असं ऐकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही फार नाही.

चौथ्या रविवारी त्याने साधा करडा रेनकोट आणला होता. लेबल नव्हतं.

नाला ओलांडताना मी म्हणाले, "मंगळवारी रिठदचे पावने येऊन राह्यले."

"कायले?"

"मले पाहाले."

तो दगडावर तसाच थांबला. पाणी त्याच्या बुटांजवळून खळखळत होतं, अजून स्वच्छ होतं.

"मंग… तुमी काय म्हनसान?"

"आतापरेंत दुसऱ्या कोनी विचारलं नाई," मी म्हणाले, "मंग काय म्हनू."

एवढं बोलायला मला नाल्यापेक्षा मोठी उडी मारावी लागली होती. त्याने खाली पाहिलं. मग वर. पण हसला नाही.

"माथ्यावर गेलो की एक गोष्ट विचारतो," तो म्हणाला. "वरच विचारीन. चार रविवार झाले, एकडाव तरी माथा पाहू. तिथंच विचारतो."

"इथं विचारली तर काय होते?"

"इथं चिखल हाये, रूपा."

त्या दिवशी तो भरभर चालला. किड्यांना वळसा घालूनही भरभर. मी मागून त्याची पाठ बघत चालले होते आणि उत्तर मनात घोळवत होते. 'हो' म्हणायचं हे ठरलंच होतं, फक्त कसं म्हणायचं ते ठरत नव्हतं. त्याची आई, माझे नाना, आमचा कांदा, त्यांचा चातुर्मास, सगळी भांडणं पुढे होती. ती मी भांडले असते. भांडायला मी भीत नव्हते.

धाकट्या टेकाडावर पोचलो तेव्हा मोठा माथा समोर होता. दोनशे पावलं. वर एकटं सालईचं झाड, आणि त्याच्या मागे निळं आभाळ. मी घड्याळ पाहिलं. दोन वाजायला वीस मिनिटं होती.

मग वारा थांबला. एकदम, कुणीतरी दार लावावं तसा. पाखरांचा आवाज गेला. आणि उलट्या बाजूने गार झुळूक आली, ओल्या मातीच्या वासाची. मी मागे वळून पाहिलं तर पातूरच्या अंगाला आभाळ काळंनिळं होऊन जमिनीला टेकलं होतं. एक बारीक रेघ चमकली. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन… नऊवर आवाज आला. दुसऱ्या वेळी सहावर.

"फिरा," मी म्हणाले.

"दोन वाजाले वीस मिनिटं हायेत अजून."

"घड्याळ पाहू नका. आभाय पाहा. फिरा."

"रूपा, पाचच मिनिटं. फक्त वर जाऊन…"

"फिरा म्हटलं न."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहत होते. त्या वेळी मी त्याच्याकडे पाहायला हवं होतं. एक सेकंद पुरला असता.

आम्ही उतरलो. उतरलो कसले, घसरलो. पाऊस असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. नाल्याचं पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. आम्ही एका काठीची दोन टोकं धरून गुडघ्याएवढ्या पाण्यातून पार झालो, आणि मागे वळून पाहतो तोवर पाणी कमरेएवढं झालं होतं. मला वाटलं, आता विचारेल. आता इथे तर चिखलही वाहून गेला आहे. पण तो काठीचं टोक माझ्या हातात देऊन पुढे चालू लागला.

ओट्याशी आलो तर फाट्यावर गाडीचा हॉर्न. "येतो बाबा," एवढंच तो नानांना म्हणाला आणि भिजत पळाला. नाव न पुसता.

"अरे, नाव—" नाना उठेपर्यंत गाडी सुटली होती.

दुसऱ्या दिवशी नाना कुणाच्या तरी बैलगाडीत बसून डोंगराच्या पायथ्याला जाऊन आले. खालूनही दिसत होतं, माथ्यावरची सालई वीज पडून मधोमध चिरली होती. खालपर्यंत, काळी. "तू बराबर फिरली, पोरी," ते म्हणाले.

मी बरोबर होते. सतरा वर्षं झाली, मी बरोबरच आहे. एवढं बरोबर असण्याचं काय करायचं असतं, ते मात्र नानांनी शिकवलं नव्हतं.

त्याच सोमवारी मी फाट्यावरच्या टपरीतून फोन केला. नंबर त्या लाल रेनकोटच्या लेबलावर होता. ते लेबल मी का ठेवलं होतं, विचारू नका. पलीकडून त्याचे वडील, सुगनचंदजी, बोलले. "बोला, काय पाह्यजे?"

काय पाहिजे, हे त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

"मेडशीवरून बोलून राह्यली… गमबूट हायेत का?"

"हायेत न. कोन्या नंबरचे?"

"सहा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळच्या गाडीच्या कंडक्टरने एक खोका आणून दिला. हिरवे गमबूट, सहा नंबर. पाहुणे अकराला येणार होते. मी मागच्या खोलीत बसून दोन्ही बूट उलटे केले, हात कोपरापर्यंत आत घातला. चिठ्ठी नव्हती. टोकात वर्तमानपत्राचे बोळे होते, तेसुद्धा मी उलगडून वाचले. सोयाबीनचे भाव होते.

अकरा वाजता मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि रिठदच्या हरीओमला हो म्हणाले.

हरीओम चांगला माणूस आहे, हे मी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच त्याला दोष द्याल. शेत नीट करतो, पोरीला शिकवतो, माझी पुस्तकं पावसात भिजू नयेत म्हणून त्याने कपाटावर पत्रा टाकला. त्याला डोंगर आवडत नाही, एवढंच. ते काही भांडणाचं कारण नाही.

आमची निकिता यंदा अकरावीला गेली. परवा तिच्या कॉलेजची सहल ठरली. कुठे, तर सालईच्या डोंगरावर. रेनकोट घ्यायला वाशीमच्या बाजारात इतकी दुकानं, पण ती मला नेमकी त्याच दुकानात घेऊन गेली. "मैत्रीण म्हनते तिथचे रेनकोट टिकते, आई." आता यावर मी काय बोलणार. वाशीमला मी सतरा वर्षांत शंभरदा आले असेन, आणि शंभरदा त्या गल्लीला वळसा घातला आहे. जसा तो किड्यांना घालायचा.

गल्ल्यावर तोच होता. कानाजवळ केस पांढरे झालेले. त्याने आधी खाली पाहिलं. मग वर.

"या," तो म्हणाला. "बसा."

मग तो माझ्याशी नाही, निकिताशी बोलायला लागला. "कुठी चालली, बेटा? सालईवर? मंग छत्री घेऊ नको. चपला नाई, बूट. वीज चमकली की आकडे मोजजो. नाल्याचं पानी गढूळ झालं तर पाय नाई घालाचा. कोनाले तरी सांगून जाजो, किती वाजता येतो म्हनून."

निकिता मान डोलवत होती. मी छत्र्यांच्या दांड्या मोजत होते. शब्द न् शब्द माझा होता.

"आन् आभाय फिरलं," तो म्हणाला, "तर घड्याळ नको पाहू. दोन वाजाची वाट नको पाहू. फिरजो."

निकिता रेनकोट घालून बघायला आरशापाशी गेली. तो गल्ल्यावर पावती पुस्तक सरळ करत बसला.

"सालई चिरली होती म्हने," तो हळूच म्हणाला. "मले लय दिवसानं कळलं. त्या दिवशी मले वाटलं… दोन तर वाजले नव्हते. नानाजीचा नियम दोनचा. वीस मिनिटं आधीच तुमी फिरल्या. मले वाटलं, मी विचारू नाई म्हनून फिरल्या."

दुकानात पंखा फिरत होता. बाहेर ऊन होतं आणि पाऊसही.

"ढग आलते हो," मी म्हणाले.

"हाव. ढग तं होतेच."

"आन् मी फोन केलता."

"बापूनं सांगितलं. मेडशीवरून कोनीतरी सहा नंबर विचारला म्हने." तो थोडं हसला. "मले वाटलं, तुमाले गमबूटच पाह्यजे."

मला हसू आलं आणि दुसरंही काहीतरी आलं. दोन्ही मी गिळलं. डोंगरावर जाताना कुठल्या संकटाला काय करायचं, याची आमच्याकडे यादी होती. दोन माणसं खाली उतरून आपापल्या जागी उभी राहिली आणि दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून थांबली, तर काय करायचं, हे त्या यादीत नव्हतं. खरं तर साधं होतं. ओट्यावरून फाट्यापर्यंत शंभर पावलं होती. मी पळत गेले असते तर कंडक्टरने गाडी थांबवली असती. तो मला ओळखत होता.

"घरी बरे हायेत सगळे?" मी विचारलं.

"बरे हायेत. दोन पोरं. तुमच्याकडं?"

"बरे हायेत."

निकिता आली. करडा रेनकोट निवडला होता तिने. सन्मतीने तो घडी घातला, लेबल काढलं आणि मग पिशवीत ठेवला.

"माहं नाव पुसाचं राह्यलं," पिशवी देताना तो म्हणाला.

"माहीत हाये."

सहलीच्या दिवशी मी मेडशीला होते. सव्वीस पोरी ओट्यावर पिशव्या रिकाम्या करत होत्या आणि नाना, आता ऐंशीचे, बाजेवरून प्रत्येकीला रागावत होते. पोरींनी फळ्यावर नावं लिहिली. दुसऱ्या ओळीपासून. पहिल्या ओळीवर एक नाव आधीच होतं.

माहेरी येते तेव्हा ते मला दिसतं, पण मी कधी जवळ जाऊन पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. ते वळणदार अक्षर केव्हाच गेलं होतं. हे अक्षर नानांचं होतं, ठसठशीत, काठीने मातीत काढल्यासारखं.

"नाना, तुमी गिरवता का हे?"

"खडू उडून जाते. दर पोयाले, बैलं सजवले की, गिरवा लागते." मग म्हणाले, "पुसलं नाई न त्यानं. पुसलं नाई त्याचं ठेवा लागते."

"मले कधी बोलले नाई तुमी."

"तूच कुठी बोलली, माय."

चार वाजून वीस मिनिटांनी पोरी आल्या, चिखलाने माखलेल्या. माथा दोनशे पावलं राहिला असताना कॉलेजच्या बाईंनी आभाळ पाहून फिरवलं म्हणून कुरकुरत होत्या. एकेकीने आपलं नाव पुसलं. निकिताने आपलं पुसलं आणि ओलं फडकं वरच्या ओळीकडे नेलं.

"ते राहू दे," मी म्हणाले.

"कोन हाये हे? अजून यायचं हाये?"

"हो."

ती हातपाय धुवायला आत गेली. नानांनी उशाखालून खडू काढला आणि माझ्यापुढे धरला. "या वर्सी तू गिरव. मले रेघ सीधी येत नाई आता."

मी स्टुलावर चढले. स, न्, म, ती. वेलांटीला जरा वेळ लागला. पुढे फिकट झालेलं 'साडेचार' होतं. ते मी गिरवलं नाही.